चार झरोके, सहा ठिगळं

मी तंबू बोलतोय. दोन माणसांचा, हिरवा, चार झरोक्यांचा. चार झरोके हे तेवढं लक्षात असू द्या, कारण माझ्या सगळ्या कहाणीची गाठ तिथंच बसली आहे. झरोका म्हणजे माझं नाक. दोन उशाकडे उंचावर, दोन पायथ्याशी जमिनीलगत, प्रत्येक तळहाताएवढा आणि वर बारीक जाळी. आत माणसं झोपली की त्यांचा श्वास वरून बाहेर जायचा आणि खालून ताजी हवा आत यायची. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्यानं तंबूत पाऊल टाकू नये, असं माझं पूर्वी ठाम मत होतं. आता मतं मांडायची हिंमत होत नाही.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. दोन्ही बाजूंना शिवणयंत्रांच्या रांगा, आणि शेवटी एक तपासनीस बाई. तिचं काम गमतीचं होतं. ती प्रत्येक झरोक्याला तोंड लावून फुंकर मारायची. पलीकडे धरलेला कागदाचा कपटा हलला की तंबू पास. माझ्या वेळी कपटा चारही वेळा फडफडला. मला फार ऐट वाटली होती.

मला घेतलं ते एका मालट्रक चालवणाऱ्या माणसानं. हेच माझे मालक. तेव्हा ते तरुण होते, आणि ट्रकच्या सीटवर पाय दुमडून झोपून त्यांची पाठ कामातून गेली होती. मालाच्या गोदामाबाहेर, पेट्रोल पंपामागच्या गवतात, पुलाच्या कोपऱ्यात, जिथं ट्रक थांबेल तिथं ते मला उभा करत. एकटेच असायचे. एकट्या माणसाला मोठ्यानं बोलायची खोड लागते, तशी त्यांनाही होती. सकाळी माझी चेन उघडून बाहेर बघायचे आणि म्हणायचे, "हे हिला दाखवायला पाहिजे." डोंगर दिसला तरी हेच, आणि धुक्यात उभ्या गायी दिसल्या तरी हेच. तीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. 'ही' मात्र काही माझ्या दारात आली नाही, कारण तिला सुट्टी नसायची.

ही म्हणजे त्यांची बायको. मी तिला बाई म्हणतो. पिशव्या, गाड्यांच्या सीटची कव्हरं, दुकानांपुढचे पडदे दुरुस्त करण्याच्या एका दुकानात खिडकीपाशी तिचं यंत्र होतं. तिची शिवण दुहेरी असायची. एक ओळ झाली की तिच्या शेजारून दुसरी. लोक म्हणत, कापड फाटेल पण हिचा टाका सुटायचा नाही. आणि भोक म्हणून तिला बघवत नसे. पाहुण्याची बाही उसवलेली दिसली तर चहाच्या आधी सुई आणायची. पाहुणा ओशाळायचा, पण बाईला त्याचं काय!

या दोघांत एक करार होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी मालकांनी तिच्या एका शिवणीला वाकडी म्हटलं, तर ती आठ दिवस बोलली नाही. पुढं एकदा तिनं वळणावर "जरा हळू" म्हटलं, तर मालकांनी गाडी बाजूला घेतली, किल्ली तिच्या मांडीवर ठेवली आणि उरलेला रस्ता चालत गेले. नाकावर राग दोघांच्याही. शेवटी तह झाला. "शिवण तुझी, रस्ता माझा." तिनं रस्त्याबद्दल बोलायचं नाही, त्यांनी शिवणीबद्दल बोलायचं नाही. हे वाक्य ते इतक्या कौतुकानं चारचौघांत सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, सुखी संसाराची किल्लीच सापडली. मलाही तसंच वाटायचं.

मालकांनी ट्रक सोडायच्या आधीची नऊ वर्षं मी घराच्या माळ्यावर पडून होतो. त्यांना नवा ट्रक मिळाला होता, त्यात झोपायला फळी होती. माझी गरज संपली. माळ्यावर उंदीर होते. त्यांनी मला दोन ठिकाणी कुरतडलं, आणि झरोक्यांवरची जाळी तर पार खाऊन टाकली. चारही झरोक्यांना चार धागे लोंबत राहिले.

मग मालकांनी काम सोडलं, आणि त्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. छातीतून येणारा, ओला खोकला. औषधाच्या दुकानात काम करणारी त्यांची मुलगी दर आठवड्याला नवी बाटली आणायची. पण थंडी जरा ओसरली, रस्त्यावरच्या झाडांना कोंब दिसू लागले, आणि एका सकाळी मालकांनी जाहीर केलं, "निघायचं. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. वाटेत तंबूत राहायचं. हिला सगळं दाखवायचंय."

"बाबा, उन्हाळा तरी येऊ दे," मुलगी म्हणाली.

"उन्हाळ्यात सगळं जग निघतं. आत्ता रस्ते मोकळे असतात."

"आई, तू तरी सांग ना त्यांना!"

बाई हसली. "रस्ता त्यांचा, बाळा."

मालक गाडी दुरुस्तीला घेऊन गेले त्या दुपारी बाईनं मला माळ्यावरून ओढून काढलं आणि यंत्राखाली घेतलं. तिनं मला कधी उभा पाहिलाच नव्हता. तिच्या दृष्टीनं मी नुसतं उंदरांनी खाल्लेलं कापड. "अरे देवा, सहा भोकं! चाळण केली मेल्यांनी," ती म्हणाली. त्यातली दोन भोकं होती, चार माझी नाकं होती. मी काय ओरडणार? मला नाक आहे, तोंड नाही.

तिनं ठिगळांसाठी कापडही साधं घेतलं नाही. मालकांच्या पहिल्या ट्रकच्या ताडपत्रीचा एक तुकडा तिनं जिवापाड जपून ठेवला होता. मेण लावल्यासारखा चिवट. त्याची सहा चौकोनी ठिगळं कापली आणि दुहेरी शिवणीनं बसवली. मनात एकच होतं, यांच्या छातीला वारा लागू नये. काम झालं तेव्हा तिनं प्रत्येक ठिगळाला तोंड लावून जोरात फुंकर मारली, आणि पलीकडे हात धरला. हाताला काहीच लागलं नाही. बाई खूश झाली.

संध्याकाळी तिनं मला खोलीभर पसरून दाखवलं. "सहा भोकं होती. बघा, एक तरी सापडतं का."

"सहा?" मालक म्हणाले. ते खाली बसले आणि उशाकडच्या ठिगळावरून अंगठा फिरवला. त्यांना कळलं. तीस वर्षं माझ्यात झोपलेला माणूस, त्याला कळणारच. मी म्हटलं, आता बोलतील. ते वर बघत होते, आणि बाई शाबासकीची वाट बघत होती, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

"वा," ते म्हणाले. "टाका सुबक आहे."

डिकी भरलेली होती म्हणून माझी वळकटी मागच्या सीटवर ठेवली गेली. बाईनं मला गमतीनं पट्टासुद्धा लावला. "तिसरा प्रवासी," ती म्हणाली. पिशवीचं तोंड सैल होतं, त्यामुळं मला त्या दोघांची डोकी आणि समोरचा रस्ता दिसायचा. पहिला दिवस आनंदात गेला, हे मी खोटं बोलणार नाही. समुद्र मागं पडला, काळी ओली शेतं सुरू झाली, आणि मालक दर दहा मिनिटांनी बोट दाखवायचे. "त्या पंपावर मी एकदा दोन दिवस अडकलो होतो." "त्या पुलाखाली तंबू ठोकला होता." बाई बघायची. तिला ते पंप आणि पूल सुंदर वाटले, आणि ती तसं म्हणालीसुद्धा.

तंबूंच्या मुक्कामाच्या जागा हिवाळ्यानंतर नुकत्याच उघडल्या होत्या. कुठं चिटपाखरू नाही. पहिल्या मैदानाचा राखणदार आम्हाला बघून चकित झाला. "एवढ्यात कोण येतं? अजून नळालासुद्धा पाणी सोडलं नाही." मालकांनी खोकत खोकत मला उभा केला. झोपायच्या वेळी त्यांनी माझी चेन खाली वीतभर उघडी ठेवली आणि त्या फटीत आपले बूट उभे केले.

"अहो, वारा येतोय की!"

"बुटांचा वास कोंडतो. राहू दे."

"पण तुमची छाती..."

"वासानं मला जास्त ठसका लागतो."

खोटं. त्यांच्या बुटांना ओल्या चामड्याचा होता तेवढाच वास होता. पण मला हायसं वाटलं. वीतभर का होईना, श्वास घेता येत होता. आणि सकाळी बाई नळाचा शोध घ्यायला गेली की मालक माझी घडी घालता घालता खिशातला छोटा चाकू काढत आणि पायथ्याच्या डाव्या ठिगळाचे दोन टाके कापत. दोनच. तिच्या लक्षात येऊ नये एवढेच. लगेच चाकू मिटून खिशात. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. चोरी करणाऱ्या माणसासारखं ते इकडं तिकडं बघायचे, आणि मला हसू यायचं. मला वाटायचं, पंधरवड्यात माझं एक नाक तरी मोकळं होईल. पण कापली जात होती ती वरची ओळ. शेजारची दुसरी ओळ तशीच घट्ट होती, आणि पंधरवडा काही मिळाला नाही.

सहा दिवस असे गेले. खोकला वाढत होता. सहाव्या रात्री ताप आला. बाईनं परत फिरण्याबद्दल विचारलं नाही. परत फिरणं हासुद्धा रस्त्याचाच विषय.

सातव्या दिवशी दुपारी एक फाटा आला. डावा रस्ता नदीकाठानं लांबून जाणारा, उजवा सरळ घाटावरून. फाट्याच्या अलीकडे एक पाटी होती. अर्धी झाडाआड गेलेली. 'घाटमाथा बर्फामुळे बंद.' मालकांना नेमका तेव्हाच खोकल्याची उबळ आली आणि त्यांची मान खाली गेली. बाईनं पाटी वाचली. मी तिचं बोट वर गेलेलं पाहिलं. काचेपर्यंत गेलं, आणि परत मांडीवर आलं. ती मनात म्हणाली असेल, यांनी पाहिली असेल. जन्मभर यांनी हे रस्ते तुडवलेत, मी कोण सांगणारी. असंच म्हणाली असेल. तोंडातून मात्र ब्र निघाला नाही. मालकांनी गाडी उजवीकडे घेतली.

घाट चढायला दोन तास लागले. माथ्यावर रस्त्यात आडवा लोखंडी खांब टाकलेला होता आणि पलीकडे बर्फाची भिंत. बाजूला बर्फ सारायचं एक पिवळं यंत्र उभं होतं, माणूस कुणी नव्हता. त्याच वेळी गारा सुरू झाल्या. मालकांनी गाडी वळवली, अर्धा मैल खाली आणली, आणि एका सपाट जागी थांबवली. "मला समोरचं दिसत नाहीये," ते म्हणाले. गारांमुळं की तापामुळं, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांना बसवेना. बसलं की छातीत कळ यायची. आडवं व्हायला गाडीत जागा नव्हती, सामान खच्चून भरलेलं. "तंबू मी ठोकते," बाई म्हणाली. मालक काचेतून सांगत होते, "तो दोर उजवीकडे... हं... खुंटी तिरकी ठोक," आणि ती ओल्या गारांत गुडघ्यावर बसून ठोकत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला उभा केला. असा चोख मला कुणीच कधी उभा केला नव्हता. सगळे दोर ताठ, सगळ्या खुंट्या खोल. वारा मला जागचा हलवू शकला नाही. पुढच्या दीड तासात मी देवाकडे मागितलं ते हेच, की एक तरी खुंटी निसटू दे.

तिनं मालकांना आत झोपवलं, अंगावर होतं नव्हतं ते घातलं, आणि गॅसची छोटी शेगडी आत आणून पेटवली. मग तिनं माझी चेन खालपर्यंत ओढून लावली. पूर्ण.

"अगं, दार..." मालक म्हणाले.

"बूट गाडीत ठेवलेत तुमचे," ती म्हणाली. "आता वास यायचा प्रश्नच नाही." किती समाधानानं म्हणाली! त्यांची अडचण तिनं सोडवली होती ना.

मालक तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर उशाकडच्या ठिगळावर गेली. "ती ठिगळं..." त्यांनी सुरुवात केली.

"काय झालं ठिगळांना?" तिचा हात लगेच वर गेला, कुठं सुटलं का बघायला. "गळतंय?"

मला आयुष्यात तोंड हवंसं वाटलं ते तेव्हा.

"नाही," मालक म्हणाले. "कुठंच गळत नाही. टाका सुबक आहे."

आणि त्यांनी डोळे मिटले.

फोन लागत नव्हता. "मी त्या खांबापर्यंत जाऊन येते," बाई म्हणाली. "यंत्रवाला आला असेल तर त्याला घेऊन येते. शेगडी राहू दे चालू, ऊब राहील." बाहेर पडून तिनं चेन परत ओढली, आणि तळाशी दोन दगड लावले, वाऱ्यानं कापड उचलू नये म्हणून.

मग गारा थांबल्या आणि बर्फ पडू लागला, भुसभुशीत, ओला. तो माझ्या कडांशी साठत गेला. जी काही बारीक फट उरली होती तीही बुजली. आत शेगडीची निळी ज्योत हळूहळू पिवळी झाली. मालक शांत झोपले होते. खोकला थांबला होता. मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना. मी असा मूर्ख. नंतर त्यांचा चेहरा लालसर दिसू लागला, आणि त्यांचा हात पांघरुणातून बाहेर येऊन पायथ्याच्या त्या ठिगळाच्या दिशेनं थोडा सरकला. थोडाच. मी अंग ताणलं, दोर ताणले, चेनवर सगळा भार टाकला. बाईची शिवण आणि बाईच्या खुंट्या. काही सुटलं नाही.

ती यंत्रवाल्याला घेऊन आली तेव्हा अजून उजेड होता. त्यानं चेन ओढली, आतली हवा तोंडावर येताच तो मागं सरला, मग श्वास रोखून आत घुसला आणि मालकांना पायांनी धरून बाहेर ओढलं. बराच वेळ त्यानं त्यांच्या छातीवर दाब दिले. मग थांबला. बाई बर्फात उभी होती. तिच्या हातात मालकांचे बूट होते. घालायला आणले होते बहुतेक.

यंत्रवाला मला शेगडीसकट पाडायला आला, आणि माझ्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "ह्याला झरोके असतात हो. कुठं गेले ह्याचे झरोके?"

बाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एक, दोन, तीन, चार, असं तिचं बघणं एकेका ठिगळावर थांबत गेलं.

"ती भोकं होती," ती म्हणाली. "मी बुजवली."

तो भला माणूस. पुढं तो कुणाला काही बोलला नाही. कागदावर 'तंबूत शेगडी' एवढंच लिहिलं गेलं.

घरी माणसं आली. चुलतभाऊ आले, ट्रकवाले जुने सोबती आले. कुणाला तरी दोष दिल्याशिवाय माणसांना रडता येत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. त्यांनी तो मालकांना दिला. "हट्टी होता." "बंद घाटात गाडी घालायची म्हणजे काय!" "एवढी वर्षं गाडी चालवून पाटी दिसली नाही?" मुलगीही तेच म्हणायची, रडत रडत. बाई कोपऱ्यात बसून ऐकायची. ती नुसती गप्प बसली तरी पुरे होतं. गप्प बसणं तिला येतच होतं. महिनाभर ती बसली.

मग एका दुपारी मुलगी मला टाकून द्यायला आली. मी दाराशी पडलो होतो, ओलाच, कुबट वास येत असलेला. "आई, हे आता घरात नको. बाबांच्या हट्टाची आठवण."

"ठेव ते खाली," बाई म्हणाली.

"आई, अगं..."

"ठेव म्हणते ना. हट्ट नव्हता त्यांचा. पाटी मी वाचली होती. मी बोलले नाही. आणि हे बघ." तिनं मला जमिनीवर पसरलं आणि मुलीचं मनगट धरून तिचा हात एकेका ठिगळावर ठेवला. "हे नाक आहे याचं. हे पण. मी शिवलंय. माझ्या हातानं, दुहेरी."

मुलीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं हात ओढून घेतला. चपला घातल्या आणि गेली. औषधाच्या दुकानातून दर आठवड्याला घरी येणारी ती मुलगी, पुढं तीन आठवडे आली नाही.

बाईनं त्याच दिवशी लहान कात्री घेतली आणि उसवायला बसली. तीन ठिगळं संध्याकाळपर्यंत निघाली. तिला वाटत होतं, मालकांना कळलंच नव्हतं. कळलं असतं तर ते बोलले असते. तापात माणसाला कुठं काय दिसतं! एवढ्या एका समजुतीवर ती महिनाभर जेवत होती, झोपत होती. मग तिनं चौथं ठिगळ हातात घेतलं. पायथ्याचं, डावं.

टाके आधीच कापलेले होते. बारा. नीट, एकाआड एक नाही, सलग. चाकूनं. तिनं नख लावून मोजले आणि पुन्हा मोजले. मालक कापड कापताना धार जरा तिरकी धरायचे, ते तिला माहीत होतं. सहा दिवस, रोज सकाळी दोन टाके. हिशोब लागायला वेळ लागला नाही.

"अहो," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

मग तिनं कात्री खाली ठेवली.

तेव्हापासून मी तिच्या यंत्राच्या टेबलावर घडी घालून पडलो आहे. तीन झरोके उघडे, एक बंद. उंदरांची दोन भोकं शिवलेली, ती तशीच असू देत. गेल्या आठवड्यात मुलगी आली. दारात उभी राहिली, मग आत येऊन बसली. दोघी बोलत नाहीत अजून, पण मुलीनं काल माझी एक बाजू उचलून त्या बारा टाक्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. बाई तिच्याकडे बघत होती.

मी आता कुठल्याही प्रवासाच्या लायकीचा नाही, आणि मला हौसही उरलेली नाही. या घरात कुणी ना कुणी कधीतरी मला हातात घेईल आणि ते चौथं ठिगळ काढायला निघेल. त्याला माझं एवढंच मागणं आहे. दोन दोन टाके चोरून कापू नका. बाईला समोर बसवा, आणि तिला सांगून उसवा.